ऑइल वाढवणारी गाडी

वाटूर फाट्यावर माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. उत्तमराव मोसंबीवाल्याच्या नव्या डिझेल गाडीत मी ऑइल जास्त भरलं, म्हणून तिचं इंजिन बसलं. सांगणारे माझ्या गॅरेजसमोरच्या गफूरभाईच्या हॉटेलात बसून, माझ्याकडे पाहत ती सांगतात. इतके दिवस मी उत्तर दिलं नाही. माझा स्वभाव गप्प बसण्याचा नाही, हे माझ्याशी एकदा जरी भाव केलेल्या माणसाला माहीत आहे. तरी गप्प होतो. का, ते पुढे येईल.

आधी धंद्याचं सांगतो. इंजिन म्हातारपणाने मेलं तर त्यात विचारण्यासारखं काही नसतं. आयुष्यभर वडाप केलेली, सवाऱ्या कोंबून नेलेली जीप उघडली की पिस्टनवर बोट फिरवून कळतं, बिचारी जगून गेली. पण वर्ष-दीड वर्षाची गाडी टोचनवर, दुसऱ्या गाडीने ओढत येते तेव्हा मला चैन पडत नाही. तरणं इंजिन उगाच मरत नाही. कुणीतरी त्याच्यावर प्रेम करताना काहीतरी करून बसलेलं असतं. आष्टीच्या एका किराणावाल्याने दसऱ्याला गाडी लख्ख करायची म्हणून फवारणीच्या पंपाने बॉनेटच्या आत धार मारली आणि लगेच चावी फिरवली. हवेच्या वाटेने पाणी आत गेलेलं. हवा दबते, पाणी दबत नाही. आतला दांडा वाकला. दुसरे एक गृहस्थ रेडिएटरमध्ये घरच्या बोअरचं पाणी घालायचे. "आम्ही पेतो, मंग गाडीला काय होतंय?" त्यांच्या घरातल्या हंड्यांवर जो पांढरा थर चढतो, तोच आत चढला आणि इंजिन उकळून गेलं. दोघांनीही मला सांगितलं की कंपनीनं फसवलं. गाडीवाला मेकॅनिकला सगळं कधीच सांगत नाही. तो खोटं बोलतो असं नाही. आपण जे केलं ते सांगण्यासारखं आहे, असंच त्याला वाटत नाही.

उत्तमराव त्यातलेच. मोसंबीच्या बागा उक्त्या घेण्याचा त्यांचा धंदा. झाडावरचं फळ पाहून सौदा करायचा, तोड लावायची, माल मोंढ्यात पाठवायचा. घर फाट्याच्या अलीकडे, परतूर रस्त्याला शेतात. आमची दोस्ती घासाघिशीतून झाली. त्यांच्या जुन्या जीपच्या क्लचप्लेटवरून आम्ही एकदा दुपारभर भांडलो. शेवटी मी पाना फेकला, त्यांनी पिशवीतून दोन मोसंब्या काढून दिल्या आणि म्हणाले, "घ्या उस्ताद, तोंड गोड करा, मंग पुन्हा भांडू." माझ्यासारखाच भाव करणारा माणूस मला आवडतो.

ती जीप विकून त्यांनी नवी डिझेल गाडी घेतली. नाव लिहीत नाही. वर्ष उलटून गेल्यावर एक दिवस गॅरेजसमोर उभी केली आणि बॉनेट उघडलं.

"उस्ताद, या इकडं. गंमत दाखवतो."

ऑइल किती आहे ते पाहायची एक पातळ पट्टी असते. तिच्यावर दोन खुणा असतात, ऑइल त्या दोन्हींच्या मधे असावं. मी पट्टी ओढली तर ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर.

"कुणी भरलं?"

"कोणी न्हाई. आपोआप वाढून राह्यलंय. लोकाच्या गाड्या ऑइल पेतात, आपली गाय दूध देती."

मला हसू आलं. इंजिन ऑइल खातं, गाळतं, जाळतं. वाढवतं, हे मी कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, यांनीच घरी डबा ओतला असेल आणि विसरले असतील.

"जास्तीचं काढून टाका," मी म्हणालो. "शोरूमला जा, ते काढतील."

"वाढलेलं काढून टाकू? बरकत हाय ती, उस्ताद."

हे त्यांनी थट्टेत म्हटलं नव्हतं. मोसंबीच्या सौद्यात क्रेट भरलं की वर दोन फळं ठेवायची रीत आहे. ती दोन फळं नसतील तर उत्तमराव क्रेट उचलू देत नाहीत. धान्य मोजलं तर मापावर शीग हवी, चहा घेतला तर बशीत सांडलेला हवा. खुणेपर्यंत म्हणजे त्यांच्या हिशेबाने कमीच.

"मंग तुम्ही काढा थोडं," ते शेवटी म्हणाले.

"वॉरंटीतल्या गाडीचा नट मी सोडत नसतो. उद्या काही झालं तर माझ्या नावाने बोंब."

पट्टी पुसली, परत घातली. त्या गाडीला माझा हात लागला तो एवढाच. पण गफूरभाईच्या बाकड्यावरून पाहणाऱ्यांना दिसलं ते असं: बॉनेट उघडं, मी वाकलेला, हातात ऑइलने माखलेली पट्टी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, उन्हं कलली असताना, फाट्यावर एक आवाज सुरू झाला. ट्रक घाट चढताना ओरडतो तसा, पण थांबेचना. पाहतो तर उत्तमरावांची गाडी रस्त्याच्या कडेला उभी, मागून निळसर पांढरा धूर, आणि ते बाहेर उभे. चावी हातात.

"बंद होईना," ते म्हणाले. "चावी काढली तरी बंद होईना."

चावी काढली की डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. हे इंजिन डिझेलवर चालतच नव्हतं. ते स्वतःचंच ऑइल ओढून जाळत होतं, आणि त्याला चावीशी काही देणंघेणं नव्हतं. मी आत बसलो, ब्रेक दाबून धरला, पाचवा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीने हिसका दिला आणि गप्प झाली. पण तोवर आतली बेअरिंगं कामातून गेली होती. मी हवेचा पाइप काढला. हवा जायच्या पाइपात ऑइल भरलेलं. तेवढं एका रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं. कशासाठी, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

गाडी जालन्याच्या सर्व्हिस सेंटरला गेली. दोन दिवसांनी उत्तमराव आले. बाकड्यावर न बसता उभेच राहिले.

"इंजिन पुरं बदलावं लागतंय म्हणले. एका बागेचा सौदा व्हतो तेवढा खर्चा सांगितला."

"वॉरंटीत आहे ना?"

ते जमिनीकडे पाहायला लागले. "बाहेरच्या मेकॅनिकनं ऑइल जास्त भरलं म्हणले. वॉरंटी बसत न्हाई."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? तिथं कोणी ऐकून घेतं का? फाट्यावरच्यानं पट्टी पाह्यली व्हती, एवढं म्हणलो."

माझा आवाज चढला. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोर गफूरभाईने रेडिओ बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून. उत्तमराव ऐकून घेऊन निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट परतूरला पोहोचली.

मी ट्रकचे सुटे भाग डिझेलमध्ये धुवून हा धंदा शिकलो. बाप किंवा काका कुणी या लायनीत नव्हता. गॅरेजवर पत्रे नंतर आले, आधी फक्त नाव होतं. त्यामुळे राग होताच. पण खरं सांगायचं तर रागापेक्षा तो प्रश्न जास्त छळायला लागला. मी भरलं नाही, उत्तमराव शपथेवर सांगतात की त्यांनी भरलं नाही. मग ऑइल आलं कुठून?

बाटली उघडून वास घेतला. ऑइलच्या वासाखाली दुसरा वास होता. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ. वर्तमानपत्रावर थेंब टाकला, शेजारी चांगल्या ऑइलचा थेंब टाकला. चांगला थेंब गोळीसारखा बसून राहिला. बाटलीतला पसरत गेला आणि त्याच्याभोवती पिवळं फिकट कडं उमटलं. मग दोन बुचांत दोन्ही ओतून कापसाच्या वाती लावल्या. एक वात धुमसत राहिली, दुसरी भसकन पेटली.

गफूरभाई रस्ता ओलांडून आला. "क्या उस्ताद, गैरेज में दिवाली?"

"ऑइलमध्ये डिझेल आहे."

"तो डाला होगा किसीने."

पण ऑइलमध्ये डिझेल ओतण्याएवढं वेडं कुणी नसतं. ते आतूनच आलं होतं.

नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये एक डबा असतो. तो धुरातली काजळी अडवतो. डबा भरत आला की गाडी आपली आपण थोडं जास्तीचं डिझेल पाठवून ती काजळी जाळून टाकते. हे मला माहीत होतं. डब्याचा आणि ऑइलचा संबंध काय, हे माहीत नव्हतं.

तीर्थपुरीच्या शाळेतले एक शिक्षक माझे जुने गिऱ्हाईक. त्यांची गाडी हीच, जवळपास तेवढ्याच वयाची. ते राहतात जालन्याला आणि रोज तीर्थपुरीला येऊन-जाऊन करतात. रविवारी त्यांच्याकडे गेलो, पट्टी ओढली. ऑइल बरोबर खुणेवर. चक्कर मारू म्हणालो. मोकळ्या रस्त्याला लागल्यावर आवाज जरासा बदलला, मागे हलका जळका वास आला.

"हे काय, गुरुजी?"

"होतं अधूनमधून. मी लक्ष देत नाही. गाव येईपर्यंत थांबतं आपोआप."

आणि खरंच थांबलं. परत आल्यावर मी उतरलो, मागे सायलेन्सरजवळ वाकून बसलो. गुरुजींना वाटलं काहीतरी पडलं. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. हे मधेच तोडलं तर?

तिथून सरळ उत्तमरावांच्या घरी. ते ओट्यावर होते, माझ्याशी बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. मी विचारलं, "गाडी रोज किती चालते?"

"साठ-सत्तर. शोरूमवाल्यानंबी हेच इचारल्तं. साठ-सत्तर असंल तर डिझेलच घ्या म्हणला."

साठ-सत्तर म्हणजे डिझेलला छान. माझं गणित मोडलं. तेवढ्यात सिंधूवहिनी, त्यांच्या पत्नी, पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"साठ-सत्तर कशाचे, नुसती उठबस हाय ती," त्या म्हणाल्या. "ह्या बागंतून त्या बागंत. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर जायचं, बंद करायची, झाडं मोजायची, पुन्हा चालू. मी एकदा सोबत गेल्ते, तर चढ-उतर करून कंबर धरली."

"आणि उभी केल्यावर काही वास?"

"वास येतो ना जळका. पंखा वाजत राहतो भूं-भूं. हे म्हणतात इंजिन तापलं, बंद करा लौकर."

उत्तमराव म्हणाले, "मंग तापलेलं इंजिन तसंच ठेवू व्हय?"

मी तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवेपर्यंत सगळं जुळलं होतं. गाडी काजळी जाळायला काढायची, जास्तीचं डिझेल सोडायची, आणि हे काळजीपोटी चावी बंद करायचे. न जळलेलं डिझेल आतल्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये. पुढच्या बागेत पुन्हा तेच. ऑइल वाढत गेलं, पातळ होत गेलं, आणि शेवटी हवेच्या वाटेने वर चढलं. उत्तमरावांची बरकत ती हीच. शोरूमवाल्याने किती चालते ते विचारलं होतं. थांबते किती, हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जालन्याला गेलो. वहिनींना मीच या म्हणालो होतो. त्या नसत्या तर उत्तमराव तिथे पुन्हा जमिनीकडे पाहत बसले असते.

सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर तरुण होता, बोलायला मऊ. मी बाटली टेबलावर ठेवली, डिझेलचं सांगितलं. त्याने वाद घातला नाही. मागच्या आवारात आमच्या गाडीला तिच्या आतल्या नोंदी वाचायचं यंत्र जोडलं, पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे काका. काजळीची सफाई सुरू झाली आणि तुटली, सारखं तेच दिसतंय."

"मग माझं नाव का घेतलंत?"

"नाव नाही घेतलं, बाहेरचा मेकॅनिक म्हणालो. लेव्हल जास्त दिसली की बहुतेक वेळा तसंच असतं."

"यंत्र लावून पाहिलं नव्हतं?"

"लेव्हल दिसतच होती ना."

मला वाटलं होतं माझ्याविरुद्ध कुणीतरी काहीतरी रचलंय. तसं काहीही नव्हतं. त्यांनी पाहिलंच नव्हतं. ते जास्त झोंबलं.

मॅनेजर गाडीत वाकला. "पण अशा वेळी समोर पिवळा दिवा लागतो. तो लागला होता ना? दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर वॉरंटी..." आणि थांबला. स्टिअरिंगच्या मागे, काट्यांच्या मधोमध, एक मोठी गोल लाल टिकली चिकटवलेली होती.

"हे काय आहे?"

"टिकली," उत्तमराव म्हणाले.

"कशाला?"

"डोळ्यावर यायचा उजेड. गाडी तर बराबर चालत व्हती."

मॅनेजर सरळ उभा राहिला. आता त्याला माझी गरज उरली नव्हती. चूक गिऱ्हाइकाची, मी सुटलो. त्या क्षणी मी हात झटकून बाहेर पडलो असतो तर माझं नाव धुतलं गेलं असतं आणि उत्तमरावांची बाग गेली असती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या मते मी आता निघणार, हे ठरलेलंच होतं.

मी वहिनींना विचारलं, "ही टिकली कधीची?"

"माझ्या भाचीच्या लग्नातलं पाकीट. तेव्हाच लावली ह्यांनी, माझ्याच कपाळाएवढी मोठी हाय म्हणून."

"त्याच्यानंतर गाडी इथं सर्व्हिसिंगला आली?"

"आल्ती की. फुकटातली दुसरी व्हती. चकाचक पुसून देल्ती इथल्या पोरांनी."

मी मॅनेजरकडे वळलो. "तुमच्या माणसाने गाडी पुसली. काच पुसली. टिकलीच्या भोवतीने पुसलं आणि टिकली तशीच ठेवली. तुम्ही यंत्र जोडलंत, नाहीतर जोडायला हवं होतं. तेव्हा ह्या माणसाला काय सांगितलंत?"

"पूजेची वाटली असेल कुणाला तरी," तो म्हणाला.

यावर वहिनी हसल्या, आणि तोही हसला, आणि तिथे सौदा सुरू झाला. भाव करताना समोरचा हसला की दार किलकिलं झालेलं असतं. मी इंजिनाचे सगळे भाग कंपनीने द्यावेत म्हणालो. तो निम्म्यावर आला. मी बाटली पिशवीत टाकली आणि पुढचं बोलणं ग्राहक मंचात म्हणालो. उत्तमरावांच्या बागा उतरायला आल्या होत्या, त्यांना गाडी आठवड्यात हवी होती, हे मला माहीत होतं आणि मॅनेजरला नव्हतं. तो आत जाऊन बराच वेळ फोनवर बोलून आला.

"सगळे भाग देतो, मजुरी त्यांनी द्यायची. खास बाब म्हणून. पण ऑइल वाढतं वगैरे फाट्यावर सांगत बसायचं नाही काका. ह्या गाडीची वॉरंटी संपेपर्यंत तरी नाही. उद्या प्रत्येकजण पट्टी काढून माझ्या दारात येईल."

"आणि मी भरलं म्हणून लोक बोलतात त्याचं काय?"

"ते मी काय करू? मी आत्ता तुम्हाला सांगितलं ना, तुमची चूक नव्हती."

आयुष्यात मी केलेला हा सगळ्यात चांगला सौदा, आणि मी एकदाच गिऱ्हाइकाच्या बाजूने केलेला. उत्तमराव माझ्याकडे पाहत होते. वहिनी पाहत नव्हत्या, त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मी शब्द दिला.

गाडी आली. मी उत्तमरावांना पथ्य घातलं. आठवड्यातून एकदा जालन्यापर्यंत जायचं, एका लयीत, मधे कुठेही न थांबता. पंखा वाजो, वास येवो, चावीला हात लावायचा नाही. रविवार ठरला. वहिनी पुढच्या सीटवर. त्या म्हणाल्या, "इंजिन बिघडलं म्हणून मला जालना दिसलं, न्हाईतर बाजार पण हेच करून येतात."

माझं गॅरेज त्याच रस्त्यावर. पूर्वी माझ्याकडे थांबून चहा घेतल्याशिवाय पुढे न जाणारी गाडी आता दर रविवारी समोरून सुसाट निघून जाते. बाकड्यावरच्यांनी पाहिलं आणि त्यांच्या हिशेबाने सगळं स्पष्ट झालं. उत्तमरावाचा उस्तादवरचा भरोसा उडाला. झाली ना खात्री? काहीजण मला सांगून ऑइल बदलायला दुसरीकडे जायला लागले. काही येतात, पण माझ्या हातातल्या डब्याकडे पाहत उभे राहतात आणि म्हणतात, "जरा कमीच टाका."

यंदा त्या गाडीची वॉरंटी संपली. ज्या दिवशी संपली त्याच दिवशी मी रस्ता ओलांडून गफूरभाईच्या बाकड्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. डबा, काजळी, डिझेल, टिकली. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. गफूरभाई ग्लास विसळत होता.

"अब बोलते? इत्ते दिन कायको नहीं बोले?"

"शब्द दिला होता."

"किसको?"

"सर्व्हिस सेंटरवाल्याला."

बाकड्यावर कुणीतरी खोकलं. गफूरभाईने माझ्यापुढे चहा ठेवला आणि विषय कापसाच्या भावावर गेला.

त्यानंतरच्या रविवारी तिथेच बसलो होतो. परतूरकडून गाडी आली. आमचं बोलणं उत्तमरावांच्या कानावर गेलं असणार, कारण या वेळी ती गतिरोधकाशी हळू झाली, काच खाली आली आणि ते गाडी कडेला घ्यायला लागले. चार लोकांत येऊन माझ्या बाजूने बोलायचा त्यांचा विचार असावा. वहिनींनी हात वर केलेला. पुढून पंखा भूं-भूं वाजत होता, आणि जळका वास बाकड्यापर्यंत आला.

मी ग्लास ठेवून रस्त्यात धावलो. "थांबू नका," मी ओरडलो. "चला, पुढं व्हा. चावीला हात लावू नका."

ते गोंधळले, मग मान हलवली आणि गाडी निघून गेली. मी रस्त्यात उभा राहून आवाज एका लयीत लागेपर्यंत ऐकत होतो. मागून गफूरभाई बाकड्यावरच्यांना सांगत होता, "देखो, अब तो उस्ताद खुद भगा रा उनको."